टेक झेलणारे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभे राहिलेले आणि पुढे ‘रिदम अँड ब्लूज’ या नावाने जगभर ओळखले गेलेले संगीत आजच्या संगीत उद्योगात ऱ्हासाला लागले आहे, हे विधान आता इतक्या सवयीने केले जाते की ते करणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. उज्जैनमध्ये हेच विधान दुसऱ्या नावांनी होते: माच हा संगीतनाट्याचा प्रकार संपला, निर्गुणी भजनांच्या मंडळ्या उरल्या नाहीत, मालव्याचा ठेका डीजेच्या भिंतीखाली गाडला गेला. दोन्हीकडे युक्तिवादाचा सांगाडा एकच आहे. लोकांची अभिरुची घसरली, परक्या संगीताच्या भेसळीने मूळ रूप बिघडले आणि म्हणून जे उरले आहे ते पुरस्कार, महोत्सव व संग्रहालये यांच्या आधाराने जपले पाहिजे, अशी ही तीन पायऱ्यांची मांडणी असून तिची प्रत्येक पायरी चुकीच्या जागी बसवलेली आहे. ‘ऱ्हास’ हा शब्द फळ पिकून गळावे तशी, कोणाच्याही हातून न घडलेली घटना सुचवतो. उज्जैनमध्ये काय किंवा अमेरिकेतील मेम्फिसमध्ये काय, जी मोडतोड झाली ती माणसांच्या निर्णयांनी झाली, त्यांतील बऱ्याच निर्णयांची साले सांगता येतात, आणि मोडली ती गाणाऱ्याची टेक, म्हणजे ध्रुवपदाची ओळ, झेलणाऱ्या माणसांची बैठक.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या, गुलामगिरीतून कायद्याने सुटलेल्या पण दारिद्र्यातून न सुटलेल्या लोकांचे, बहुधा बारा खंडांच्या आवर्तनात बांधलेले दुःखगीत. हे लोक उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेले तेव्हा त्या गीताला ड्रम, सॅक्सोफोन आणि विजेच्या गिटारची जोड मिळाली, आणि चार मात्रांच्या चालीत दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात करणारा ठेका त्याखाली आला. समेवर विसावण्याची सवय असलेल्या हिंदुस्थानी कानाला हा ठेका प्रथम उलटा वाटतो, पण शरीर त्याला लगेच होकार देते. याहूनही महत्त्वाची गोष्ट या संगीताने चर्चमधून घेतली. गायकाने ओळ टाकायची आणि समुदायाने ती झेलून परत करायची, या देवाणघेवाणीशिवाय ते संगीत अपुरे राहते. माचाच्या परिभाषेत हेच ‘टेक झेलणे’ आहे.

ऱ्हासवाद्यांची पहिली अडचण अशी की ज्या नावाचा ऱ्हास ते मोजतात ते नाव त्या संगीताने स्वतःला दिलेलेच नाही. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी व्यापारी साप्ताहिकात काळ्या ग्राहकांत खपणाऱ्या तबकड्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’, या अपमानकारक शीर्षकाखाली छापली जात असे. १९४९ मध्ये त्याच साप्ताहिकातील जेरी वेक्स्लर या पत्रकाराच्या सूचनेवरून ते शीर्षक बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ करण्यात आले. १९६९ मध्ये यादीचे नाव ‘सोल’ झाले, १९८२ मध्ये ‘ब्लॅक’, १९९० मध्ये पुन्हा ‘आर अँड बी’, आणि १९९९ मध्ये त्याला ‘हिप-हॉप’ जोडले गेले. मधल्या काळात, १९६३ च्या नोव्हेंबरअखेरीपासून १९६५ च्या जानेवारीपर्यंत, ही यादी छापलीच गेली नाही. त्या चौदा महिन्यांत त्या संगीताचा ठोका थांबला होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही यादीत काय दिसते यावरून संगीताची प्रकृती ठरवण्याची सवय सुटत नाही, आणि दुकानाच्या खतावणीला नाडीपरीक्षेचा मान दिला जातो.

२०१२ चा फरक तर याहून बोलका आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत आर अँड बीच्या यादीचा एक मोठा आधार, ते संगीत ऐकणाऱ्या वस्त्यांसाठी चालणाऱ्या रेडिओ केंद्रांवर काय वाजते, हा होता. त्यानंतर सर्व प्रकारच्या केंद्रांवरील प्रसारण आणि देशभरातील डिजिटल विक्री व श्रवण एकत्र धरले जाऊ लागले. परिणामी ज्या गाण्याला सर्वसाधारण श्रोता मिळाला ते वर गेले, आणि जे केवळ आपल्या वस्तीत प्राणप्रिय होते ते खाली घसरले. मोजणारा बदलला आणि मापात येणारी वस्तू लहान झाली असे जाहीर झाले. या घटनेला अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे म्हणजे गज बदलून कापड आटल्याची तक्रार करणे होय.

विरुद्ध बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे नेल्सन जॉर्ज या समीक्षकाने १९८८ मध्ये ‘द डेथ ऑफ रिदम अँड ब्लूज’ या ग्रंथात मांडले, आणि त्याचा मान राखूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. जॉर्ज यांच्या मते काळ्या समाजाने स्वतःची रेडिओ केंद्रे, स्वतःची दुकाने, स्वतःचे निवेदक आणि स्वतःच्या छोट्या कंपन्या यांच्या बळावर एक संगीतविश्व उभे केले होते, आणि मोठ्या गोऱ्या बाजारात ‘पार होण्याच्या’ ओढीने ते विश्व गमावले गेले. हे निदान बरेचसे खरे आहे, पण त्याच्या शीर्षकातला ‘मृत्यू’ हा शब्द लोकांनी उचलला आणि आतले निदान मागे ठेवले. जॉर्ज यांनी दाखवलेला मृत्यू संस्थांचा होता. पुढच्या पिढीतल्या निबंधकारांनी तो सुरांचा करून टाकला आणि दोष ऐकणाऱ्यांच्या माथी मारला. संस्था बुडाल्या असतील तर त्या कोणी आणि कशा बुडवल्या हे विचारता येते. अभिरुची बुडाली म्हटले की विचारण्यासारखे काहीच उरत नाही, आणि त्या मांडणीची सारी सोय यातच आहे.

हा मुद्दा उज्जैनच्या माचावर घासून पाहिला तर त्याचे पाणी कळते. माच हे मालव्याचे संगीतनाट्य, आणि उज्जैन हे त्याचे माहेर. ‘मंच’ या शब्दावरून त्याचे नाव आले असे मानले जाते. शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला गेल्यानंतरच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, या शहराच्या मोहल्ल्यांत माचाचे अखाडे बांधले गेले. जयसिंहपुऱ्याचे गुरू बालमुकुंद आणि दौलतगंजचे उस्ताद कालूराम यांची नावे त्या परंपरेत आजही आदराने घेतली जातात, आणि विसाव्या शतकात सिद्धेश्वर सेन यांनी नव्या रचनांनी ती पुढे नेली. अखाडा म्हणजे एक गुरू, त्याने रचलेले खेळ, ते हस्तलिखितांत जपणारी शिष्यमंडळी आणि ते ऐकायला येणारा मोहल्ला. राजा भर्तृहरी, हरिश्चंद्र, ढोला-मारू अशा कथा असत, आणि खेळ मुख्यतः होळीच्या आसपासच्या दिवसांत, रात्र पडल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. खेळाआधी मुहूर्ताने खांब रोवला जाई. त्या खांबाची पूजा झाली की मोहल्ल्याने खेळ पत्करला असा तिचा अर्थ होता. महाराष्ट्रातील वाचकाला यात परके काहीच वाटू नये. माचाच्या मुळाशी तुर्रा-कलगीच्या सवाल-जवाबांची जी परंपरा अभ्यासक दाखवतात, तीच सह्याद्रीच्या अलीकडे कलगी-तुरा म्हणून शाहिरांच्या फडांत नांदली.

माचातील संवादाला ‘बोल’ म्हणतात आणि तो ज्या चालीत बांधला जातो तिला ‘रंगत’. नट बोल गातो, पण शेवटची ओळ एकट्याने संपवत नाही. रंगमंचाच्या एका बाजूला टेकियांचा वेगळा पाट असतो. टेकिये म्हणजे ध्रुवपदाची ओळ, टेक, उचलून धरणारे साथीदार. नटाने ओळ टाकली की ते ती उंच आवाजात झेलतात, सारंगी त्या ओळीचा माग धरते, आणि ढोलकवाला इतका वेळ दाबून ठेवलेला ठेका मोकळा सोडतो. ढोलकाच्या डाव्या पुडीवर तळव्याची टाच सरकवून तो घुमारा काढतो, उजव्या पुडीवर बोटे दुगुनीत धावतात, आणि नट त्या आवर्तनांवर रंगमंचाचा फेर धरतो. हा फेर शोभेसाठी नाही. गाणाऱ्याला त्यातच श्वास मिळतो, पुढचा बोल आठवतो, आणि खाली बसलेल्या माणसांना आताच ऐकलेली ओळ ओठांवर घोळवायला तेवढीच सवड मिळते. रात्र चढत जाते तशी टेकियांच्या आवाजात खालच्या लोकांचा आवाज मिसळतो. ज्या प्रहरी तो पूर्ण मिसळतो त्या प्रहरासाठीच आधीची सारी रात्र खर्च झालेली असते.

आता हाच खेळ सरकारी किंवा निमसरकारी महोत्सवात चाळीस मिनिटांत बसवला जातो तेव्हा पहिली कात्री टेकेवर चालते. कथा पुरी झाली पाहिजे, वेषभूषा दिसली पाहिजे, पाहुण्यांचे भाषण वेळेत झाले पाहिजे, म्हणून तीनदा झेलायची ओळ एकदाच झेलली जाते, फेर अर्धा होतो, आणि टेकिये सहाचे दोन होतात, कारण प्रवासभत्ता मोजक्या माणसांचा मंजूर झालेला असतो. नट तोच, रंगत तीच, ढोलक तोच. तरीही समोरचा श्रोता हलत नाही, कारण त्याच्या ओठांवर यायला ओळीला वेळच मिळालेला नाही. मग परिसंवादात कोणी उठून म्हणतो की लोकांना आता माच रुचत नाही. ज्याला जेवायला बसूच दिले नाही त्याला भूक नाही असा निष्कर्ष काढण्याचा हा प्रकार आहे, आणि मालव्यात तो गंभीर चेहऱ्याने चालतो.

अभिरुचीच्या आक्षेपाला मालव्यानेच याहून थेट उत्तर दिलेले आहे. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे पेशाने शिक्षक. तंबुऱ्याच्या नादाने ते कबीराच्या भजनांकडे ओढले गेले, आणि त्यांचे गाणे ध्वनिफितींतून मालव्याच्या खेड्याखेड्यांत पोहोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या कितीतरी आधी त्या ध्वनिफिती ट्रॅक्टरवर, चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या मांडवात वाजत होत्या. शबनम वीरमानी यांनी कबीरावर केलेल्या आणि २००८ मध्ये पूर्ण झालेल्या चार माहितीपटांतून, तसेच लिंडा हेस यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॉडीज ऑफ साँग’ या अभ्यासग्रंथातून हे गाणे मालव्याबाहेर गेले. आज मोबाइलवर ते ऐकणाऱ्यांत तरुण थोडे नाहीत. पीटर मॅन्युअल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की स्वस्त ध्वनिफितींनी उत्तर भारतात बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील गाण्यांना प्रथमच स्वतःची बाजारपेठ दिली. यंत्र आले आणि लोकगीत मेले, ही सरळ रेषा त्या पुराव्यापुढे टिकत नाही.

टिपानियांच्या मंडळीकडे थोडे जवळून पाहिले की भेसळीचा आक्षेपही गळून पडतो. एका हातात पाच तारांचा तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, शेजारी ढोलक आणि मंजिरे, आणि त्यांच्या बरोबरीने व्हायोलिन. युरोपातून आलेले हे वाद्य मालवी भजनाच्या मिंडीत असे मिसळून गेले आहे की त्याला परके म्हणण्याचे कोणाला सुचत नाही. उज्जैनहून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या देवासमध्ये याहून मोठे मिश्रण घडले. बेळगाव जिल्ह्यात सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावरून त्यांनी मालवी बायकांच्या ओव्या, जोग्यांची भजने आणि हाटाला जाणाऱ्यांची गीते ऐकली. त्या लोकधुनांत रागांची बीजे आहेत हे ओळखून त्यांनी मालवती, संजारी, लगनगंधार असे ‘धुनउगम’ राग, म्हणजे धुनेतून उगवलेले राग, मांडले. तेव्हाही शुद्धतेच्या रखवालदारांनी भुवया उंचावल्या होत्या. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास रे चार्ल्स यांनी चर्चमधील भक्तिगीताची धाटणी प्रेमगीताला लावली तेव्हा धर्मभीरू श्रोत्यांनी त्यांना हाच दोष दिला, आणि आज त्याच गाण्यांना रिदम अँड ब्लूजचे अस्सल रूप मानून नंतरच्या मिश्रणांना भेसळ ठरवले जाते. मिश्रण हा या संगीताचा जन्मस्वभाव आहे. ते मिश्रण कोणाच्या इच्छेने आणि कोणाच्या लाभासाठी होते, एवढाच प्रश्न खरा आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर मेम्फिस शहरातील स्टॅक्स या ध्वनिमुद्रण संस्थेच्या हकिकतीत फार स्पष्ट मिळते. एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या या स्टुडिओत चार वादकांचा घरचा ताफा होता: ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड डन आणि ड्रमवर अल जॅक्सन. दोन काळे व दोन गोरे असे हे चौघे वंशभेदाने दुभंगलेल्या शहरात रोज एका खोलीत बसून गायकाने टाकलेली ओळ झेलत. वितरण मात्र न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीकडे होते. अटलांटिकची मालकी बदलल्यावर १९६८ मध्ये तो करार संपुष्टात आला, आणि तोवर वितरित झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणांचे मालक करारानुसार अटलांटिकवालेच आहेत असे उघड झाले. वर्षानुवर्षांची कमाई एका कलमात गेली. १९७५ च्या डिसेंबरात स्टॅक्स दिवाळखोरीत निघाली, ताफा त्याआधीच पांगला होता, आणि १९८९ मध्ये ती इमारतही पाडली गेली. यात श्रोत्याच्या अभिरुचीने कोणते पाप केले, ते ऱ्हासवाद्यांनी दाखवून द्यावे. अटलांटिकला पहिल्या दशकात वैभव मिळवून देणाऱ्या रूथ ब्राउन या गायिकेला पुढे पोटासाठी घरकाम करावे लागले, शाळेची बस चालवावी लागली. आपल्या हक्काच्या मानधनासाठी त्या वर्षानुवर्षे झगडल्या तेव्हा कुठे १९८८ मध्ये जुन्या कलावंतांना मदत करणारे रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहिले. नेल्सन जॉर्ज यांचा ‘मृत्यू’वरचा ग्रंथही त्याच सालचा.

रेडिओची कथा वेगळी नाही. १९९६ च्या अमेरिकी दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची चाळीसची मर्यादा काढून टाकली, आणि थोड्याच वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. गल्लीतला निवेदक, जो श्रोत्याला नावाने ओळखे आणि नव्या गायकाची पहिली तबकडी स्वतःच्या जबाबदारीवर वाजवी, त्याच्या जागी दूर कुठे तरी तयार झालेली गाण्यांची एकसारखी यादी आली. त्या देशात गाणे रेडिओवर वाजल्याबद्दल गीतकार-संगीतकाराला मोबदला मिळतो, पण ते गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला जमिनीवरील रेडिओ केंद्रांकडून कायद्याने आजही काही मिळत नाही. ठेका धरणाऱ्याचे नाव हिशेबातच नसेल तर ठेका धरण्याचे काम यंत्राकडे जाणे ओघाने येते.

यंत्राविषयी येथे थांबून बोलले पाहिजे, कारण ऱ्हासवाद्यांचा सगळा राग त्याच्यावर निघतो. १९८० मध्ये रोलँड या जपानी कंपनीने ‘टीआर-८०८’ हे ठेका निर्माण करणारे यंत्र बाजारात आणले आणि दोनच वर्षांत मार्व्हिन गे यांनी ते आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकात वापरले. ते गाणे निर्जीव आहे असे कोणी म्हणत नाही, कारण यंत्राचा ठेका झेलणारा गळा जिवंत होता. उज्जैनच्या वरातीत आज ढोलकाऐवजी ऑक्टोपॅड असतो. रबरी चौकटींवर काठ्या मारून एकच वादक ढोलक, नगारा, टाळ्या असे सगळे आवाज काढतो, आणि तो वादक बहुधा कुशल असतो. चार माणसांची मजुरी एका माणसात भागते म्हणून आयोजक त्याला बोलावतो, आणि उरलेल्या तिघांच्या मुलांना ढोलक शिकण्याचे कारण उरत नाही. दोष काढायचा तर या हिशेबाचा काढावा. ऑक्टोपॅडवाल्याच्या भोवती सहा टेकिये बसवले तर तोही त्यांना साथ देईल, यात शंका घेण्याचे कारण नाही.

आता तिसरी पायरी, जतनाची. माचासाठी आयुष्य दिलेले उज्जैनचे ओमप्रकाश शर्मा आणि मालवी कबीरगायक कालूराम बामनिया या दोघांनाही २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच मिळाली. मालव्यातल्या प्रत्येक रसिकाला तिचा आनंद झाला पाहिजे. परंतु पुरस्कार एकाला दिला जातो आणि टेक एकट्याला झेलता येत नाही. त्या गुरूंच्या पाठीमागे पाटावर बसलेल्या माणसांना निवृत्तिवेतन नाही, कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही, आणि वर्षातून चार-दोन खेळ मिळाले तर त्यांच्या रोजच्या मजुरीचा खाडाही भरून निघत नाही. त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये, श्रावणातील महाकालाच्या सवारीच्या दिवसांत, दीड हजार वादकांनी एकत्र डमरू वाजवून गिनेस विक्रम केला. वाजवणाऱ्यांची भक्ती खरी होती आणि तो नाद अंगावर काटा आणणाराही होता. विक्रमाच्या नियमात मात्र सर्वांनी एकच आघात एकाच वेळी करायचा असतो. कोणी ओळ टाकायची नसते आणि कोणी झेलायची नसते. महाकालाच्या भस्मारतीत डमरू आणि झांज एकमेकांशी रोज जे बोलतात ते मोजणीच्या चौकटीत बसत नाही, म्हणून मोठा आकडा शोधला जातो. शहराने आपल्या लयीची श्रीमंती संख्येने सिद्ध करावी, ही वेळ त्याच्यावर जतनाच्या याच विचाराने आणली आहे.

कायद्याचा आधारही या माणसांपर्यंत पोहोचत नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांचा मोबदल्यातील वाटा पक्का केला, आणि कलावंताचे सादरीकरणावरचे हक्कही बळकट केले. ही मोठी सुधारणा होती. पण ज्या चालीचा कर्ता सांगता येत नाही, जी एका मोहल्ल्याने शंभर वर्षे गाऊन घडवली, तिच्यावर त्या मोहल्ल्याचा हक्क या कायद्याला दिसत नाही. ती चाल प्रथम ध्वनिमुद्रित करून ‘पारंपरिक’ असा शिक्का मारणाऱ्याकडे निदान त्या मुद्रणाची मालकी जाते, आणि ज्यांच्या तोंडून ती उतरवून घेतली त्यांना एका दिवसाचे मानधन मिळते. मालव्यातील निर्गुणी मंडळ्यांत दलित समाजांतील गायक फार मोठ्या संख्येने आहेत हे लक्षात घेतले, तर अमेरिकेतील काळ्या वादकांच्या हकिकतीशी असलेले त्यांचे नाते केवळ ठेक्यापुरते नाही हे कोणालाही कळेल. मळ्यात आणि शेतात राबणाऱ्यांनी घडवलेले संगीत दुसऱ्याच्या वहीत जमा होते आणि मग त्याच वहीकडे बोट दाखवून ते आटले असे सांगितले जाते.

बैठक पुन्हा मांडता येते का, या प्रश्नाचे मालव्याकडे अनुभवाचे उत्तर आहे. देवासमध्ये एकलव्य या शिक्षणक्षेत्रातील संस्थेने १९९१ ते १९९८ या काळात ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. आसपासच्या खेड्यांतील मंडळ्या दर महिन्याला एकत्र येत, रात्रभर गात, आणि गायलेल्या भजनाचा जातीशी, कर्मकांडाशी आणि रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे यावर मोकळेपणाने बोलत. सतरंजी होती, दिवा होता, चहा होता आणि सकाळपर्यंतचा वेळ होता. एका मंडळीने भजन उचलले की दुसऱ्या गावची मंडळी त्याची टेक धरी, कारण भजन सगळ्यांचे होते आणि पाठ थोडे निराळे होते. पाठ जुळला नाही की वाद होई, आणि वाद मिटवायला ते भजन पुन्हा गायले जाई. मंच बंद झाला, तरी त्या रात्रींतून घडलेले गायक पुढची पंचवीस वर्षे मालव्यात गात राहिले. कोणताही महोत्सव इतक्या कमी खर्चात इतके करू शकलेला नाही.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरेल, क्षिप्रेच्या काठी मांडव पडतील आणि त्यांत लोककलेला जागा मिळेलच. ती जागा ठरवणाऱ्यांना माच खरोखर जगवायचा असेल तर त्यांनी त्याला चाळीस मिनिटे देऊ नयेत, एक पूर्ण रात्र द्यावी. जयसिंहपुरा किंवा दौलतगंज अशा मोहल्ल्यात, आधी खांब रोवून द्यावी. आणि मानधनाच्या कागदावर नटाच्या नावाखाली ढोलकवाल्याचे, सारंगीवाल्याचे आणि पाटावरच्या सहाही टेकियांचे नाव लिहून प्रत्येकाची रक्कम त्याच्या हातात द्यावी. त्या रात्री तिसऱ्या प्रहरी खाली बसलेल्यांपैकी किती जण टेक झेलतात ते पाहावे, आणि तोवर मालव्यात कोणी ऱ्हासाचा निबंध वाचू नये.